पाच माणसांचा शो

पनवेलकरांनो, आमचं थिएटर अजून चालू आहे!

आज तीनच्या शोला एकच तिकीट गेलं. उरणहून बऱ्याच वर्षांनी आलेल्या एक कोळीण मावशी.

आजोबांचा नियम होता, पाच माणसं असल्याशिवाय शो लावायचा नाही. कमी पडली की बाबा घरातल्यांनाच खुर्च्यांवर बसवायचे. आई तर भाजी निवडत पिक्चर बघायची.

आता घरात मी एकटीच. म्हटलं, "मावशी, आज शो नाही होणार."

"का गो? तुमची घरची मानसं येतील ना बसायला? तवर मी थांबते."

शो लावला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

मावशी उद्याही येतायत. आम्ही दोघी आहोत. तिघं कमी पडतायत, कोण येतंय?