महेबूबचाचांच्या खिशावरचा बिल्ला

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाय. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाय.

औरंगाबादेत माझा फोटो स्टुडिओ होता. निजामाचं शेवटचं वर्ष, जिकडंतिकडं रझाकारांची दहशत. एक दिवस पाचोडचे महेबूबचाचा आले. गाद्यांचा कापूस पिंजणारा माणूस. लेक वैजापूरला दिलेली, तिला पाठवायला फोटो पाहिजे होता. नेमका सदऱ्याचा खिसा फाटलेला. चाचा सारखे हातानं झाकायचे. कुणी रझाकार त्याचा बिल्ला माझ्याकडं विसरून गेला होता. तो मी त्यांच्या खिशावर टाचला.

"ये अपना नै, बाबा," चाचा ओशाळून हसले.

"फोटोपुरता राहू द्या. फाटकं दिसत नाय," मी म्हणालो.

एवढंच. यात माझं काय चुकलं? — इथवर काहीच नाय.

मग पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांची धरपकड सुरू झाली. चाचांच्या घरच्या झडतीत त्या फोटोची दुसरी प्रत सापडली, मागं माझ्या स्टुडिओचा शिक्का. फौजदार फोटो घेऊन माझ्या दारात उभा.

"हा बिल्ला त्याचाच?"

मी टाचला म्हणालो असतो तर? — मलाच नेलं असतं, असं वाटलं. "व्हय," मी म्हणालो. आणि वर — कुणी विचारलं नव्हतं हो — वर म्हणालो, "लावूनच आला होता."

चाचांना तुरुंगात टाकलं. त्यांची लेक आली. कडेवर लेकरू. "भाईजान, याद करो ना. अब्बा बोलते, बिल्ला तुम लगाए." मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाय. "रोज इतके लोक येतात," म्हणालो, "काय काय ध्यानात ठेवू?" ती उंबऱ्यावर लई वेळ उभी होती. मी आत जाऊन उगाच काचा पुसत बसलो.

दोन वर्षांनी चाचा सुटले. तोवर चाची गेल्या होत्या. ते थेट दुकानात आले. आता गचांडी धरतील — मी खुर्चीवरून उठलोच. त्यांनी पाणी मागितलं. प्याले. म्हणाले, "बेटी बोली, तुमना याद नै रहा. रोज के कित्ते चेहरे, बाबा. दिल में मत रखो."

मला सगळं आठवत होतं. मी मान हलवली.

चाचा पुढं बारा वर्षं जगले. शहरात आले की दुकानात डोकावून सलाम करायचे. दर वेळी मी तो घेतला.