चार वर्षांनंतरची जागा

त्या दिवशी बाबांनी तीनदा सॅल्यूट मारला.

कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका काचेच्या इमारतीचं गेट. दुपारची वेळ. बाबा सकाळी घाईत डबा घरीच विसरले होते, म्हणून मी तो घेऊन गेले होते. ते माझ्या हातातून डबा घेत असतानाच साहेबांची गाडी आली. बॅरिअर उचलायला जरासा उशीर झाला. जरासा म्हणजे गाडीला ब्रेक लावावा लागला, एवढाच.

बाबांनी डबा खाली ठेवला, बॅरिअर उचलला, सॅल्यूट मारला. गाडीची मागची काच खाली आली. साहेबांच्या शेजारी ऑफिसातला आणखी एकजण होता, पुढे एक. साहेब हिंदीत म्हणाले, "ये सलाम है? फौज में यही सिखाया?"

बाबांनी पुन्हा सॅल्यूट मारला.

"एडी नहीं बजी."

तिसऱ्यांदा बाबांनी टाच आपटली. उजवी टाच. उजव्या गुडघ्याचं त्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, फौजेत असतानाच. गाडीतले दोघे हसले. फार नाही. एखाद्या बऱ्या विनोदाला हसतात तितपत. काच वर गेली, गाडी आत गेली.

बाबांनी डबा उचलला, झाकण घट्ट केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी जा. ऊन आहे."

मी गेले. तेव्हा गेले. हे आधीच सांगून टाकते.

माझे बाबा सतरा वर्षं पायदळात होते. नाईक म्हणून निवृत्त झाले. शेवटची नेमणूक कोलकात्यात होती. मी तेव्हा सातवीत होते, शाळा मोडायला नको म्हणून आम्ही इथेच राहिलो. केष्टोपूरला खालाच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेला दोन खोल्या. पेन्शनमध्ये आमचं तिघांचं आणि गावाकडच्या आजी-आजोबांचं भागत नव्हतं, म्हणून बाबा एका सिक्युरिटी एजन्सीत लागले. आईनं सॉल्ट लेकमधल्या दोन मराठी घरांत स्वयंपाकाचं काम धरलं. खालावरचा पूल ओलांडला की सॉल्ट लेक. त्या बाजूला झाडं, रुंद रस्ते, घरांना नंबर. या बाजूला आम्ही.

साहेब मराठी. कंपनीचे इथले प्रमुख. पहिल्या दिवशी गेटवर बाबांचं बोलणं ऐकून ते गाडीतून खाली उतरले होते. "अरे वा, तुम्ही मराठी? कुठले?" बाबांनी जिल्हा सांगितला. मग तालुका. मग गाव. मग साहेबांनी आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. साहेब "अच्छा" म्हणाले आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते बाबांशी हिंदीत बोलायला लागले.

आमचं आडनाव या शहरात कुणालाच कळत नाही. शाळेत बंगाली मुलींना ते उच्चारता यायचं नाही. त्यांना सगळी मराठी आडनावं सारखीच. घरमालकानं कधी विचारलं नाही. सहा वर्षं मला वाटायचं, आपण सुटलो. दोन हजार किलोमीटर लांब आलो आणि ते गावातच राहिलं. पण त्याला ओळखणारा माणूस इथेही भेटला, आणि तो आमचीच भाषा बोलणारा निघाला.

मला फौजेत जायचं होतं. हे बाबांमुळे नव्हतं. निदान मी तसं म्हणायची. पहाटे पाच वाजता उठून खालाच्या काठानं पळायचे. पहिल्यांदा कुत्री मागे लागायची, नंतर ती ओळखायला लागली. बारावीला असतानाच मी शिपाई भरतीचा फॉर्म भरला. मुलींनाही आता घेतात. नोकरी चार वर्षांची, त्यातल्या थोड्यांनाच पुढे ठेवतात, बाकीच्यांनी परत यायचं. बारावीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले. लेखी परीक्षाही पास झाले. मग धावण्याच्या चाचणीचं बोलावणं आलं. आईनं ते देवाजवळ ठेवलं.

शाळेतल्या एका बाईंनी वेगळंच सांगितलं होतं. म्हणाल्या, तुझे मार्क बघता तू फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या प्रवेश परीक्षेला बस, नाहीतर सरळ कॉलेजला जा, कायद्याला जा, तू वाद छान घालतेस. मी हसले. आमच्या घरात अधिकारी हा शब्द फक्त दुसऱ्यांसाठी वापरला जायचा.

ऑगस्टच्या सुरुवातीला साहेबांनी बाबांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मी भरतीची लेखी परीक्षा पास झाले हे बाबांनीच अभिमानानं तिथल्या सुपरवायझरला सांगितलं होतं, ते वर पोचलं. केबिनमध्ये एसी इतका होता की माझे दंड गार पडले. समोर दोन खुर्च्या होत्या. बसा असं कुणी म्हटलं नाही, आम्ही उभे राहिलो.

माझ्याशी मात्र साहेब मराठीत बोलले. पंधरा ऑगस्टला ऑफिसात कार्यक्रम आहे. बाबांनी मेडल लावून यायचं. माझा सत्कार करायचा, शाल आणि स्मृतिचिन्ह. मी दोन वाक्यं बोलायची, की मीही वडिलांसारखी देशाची सेवा करणार. फोटो दिल्लीच्या मुख्य ऑफिसला जाणार होते.

मी म्हटलं, मी अजून ठरवते आहे. बाई म्हणतात अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बस.

साहेब खुर्चीत मागे रेलले. चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात बोलले. "ते डोक्यातून काढ. त्याला घरातलं वातावरण लागतं, बोलणं-चालणं लागतं. शिपाई म्हणून जा. तुमच्या लोकांना फौज मानवते. आणि चार वर्षांनी परत पाठवलं तर काळजी करू नकोस. आम्हाला इथे लेडीज गार्ड लागतेच. तुझी जागा मी आत्ताच धरून ठेवतो."

बाबा म्हणाले, "मेहरबानी, साहेब."

साहेबांच्या मुलानंही त्याच वर्षी बारावी दिली होती. आईच्या दोन घरांपैकी एक त्यांचंच होतं म्हणून मला माहीत होतं. त्याला माझ्याहून कमी मार्क होते, आणि तो परदेशी शिकायला जाणार होता. मी विचारलं, तुमचा मुलगा नाही का जाणार फौजेत?

"अगं, त्याचं वेगळं आहे."

इथून पुढे मी साहेबाला अहो-जाहो करणार नाही.

जिना उतरताना बाबा पुढे होते, मी मागे. मी त्या जागेचा विचार करत होते. म्हणजे मी पळणार, निवडली जाणार, ट्रेनिंग करणार, कुठल्यातरी बर्फात नाहीतर वाळूत चार वर्षं उभी राहणार आणि परत येऊन याच बॅरिअरशी उभी राहणार. बावीस-तेवीस वर्षांची. माझी सगळी धाव त्या माणसानं आधीच मोजून ठेवली होती. सुरुवातही त्याची आणि शेवटही त्याचाच.

पंधरा ऑगस्टपर्यंत मला धड झोप लागली नाही. पळायला जायची आणि अर्ध्यातून परत यायची. आई म्हणाली, पोरी, शाल घे आणि ये, दोन मिनिटांचं काम आहे. तिचं खरं होतं. दोन मिनिटांचंच काम होतं.

कार्यक्रम इमारतीच्या अंगणात होता. झेंडा, खुर्च्या, फुगे. बाबांनी जुन्या कोटावर मेडलं लावली होती. गेटवर त्या दिवसापुरता दुसरा माणूस उभा होता. साहेबानं भाषणात बाबांना 'हमारे हीरो' म्हटलं. टाळ्या झाल्या. मग मला बोलावलं, शाल घातली, स्मृतिचिन्ह दिलं, फोटोसाठी जरा सरकवलं आणि माइक हातात दिला.

मी हिंदीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं. चारच वाक्यं बोलले. ती मला पाठ आहेत.

"हे माझे बाबा आहेत. गेल्या महिन्यात या गेटवर, बॅरिअर उशिरा उचलला म्हणून या साहेबांनी त्यांच्याकडून तीनदा सॅल्यूट मारून घेतला आणि गाडीतले लोक हसले. चार वर्षांनी मला इथेच गार्ड म्हणून उभं करायचं हे त्यांनी आत्ताच ठरवलं आहे. ही शाल मला नको."

शाल मी खुर्चीवर ठेवली. स्मृतिचिन्ह तिच्यावर ठेवलं.

एकही टाळी वाजली नाही. कॅन्टीनमधली एक मावशी तोंडावर पदर धरून उभी होती. साहेबाचा चेहरा मी बघितला. राग नव्हता. खाणाखुणा करून तो कुणाला तरी काहीतरी लवकर करायला सांगत होता. साऊंडवाल्याला कार्यक्रमाचा क्रम माहीत होता, त्यानं राष्ट्रगीत लावून टाकलं. सगळे उभे राहिले. सगळ्यांत ताठ बाबा.

बस यायला वेळ लागला. बाबा स्टॉपवर माझ्यापासून चार पावलं लांब उभे होते.

तिसऱ्या दिवशी एजन्सीनं बाबांची बदली केली. हावड्याला, एका गोदामावर. बारा तास, बसायला स्टूलही नाही. जायला दीड तास, यायला दीड तास. त्याच आठवड्यात साहेबाच्या घरून आईला निरोप आला, उद्यापासून येऊ नका. मी काय केलं हे मला तेव्हा पुरतं कळलं. मी बोलले दोन मिनिटं, आणि उभं राहायचं बाबांच्या पायांनी. आई रोज संध्याकाळी मिठाचं गरम पाणी करून त्यांच्यासमोर ठेवायची. मला काही म्हणायची नाही. बाबाही नाही. अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाराव्या दिवशी त्यांना सुट्टी होती. ते पाय पाण्यात सोडून बसले होते. मला म्हणाले, "त्या माणसाचा राग फौजेवर काढू नको. फौजेनं मला माणसासारखं वागवलं."

मी विचारलं, तिथे कुणी आडनाव विचारलं नाही?

त्यांनी उजवा पाय पाण्याबाहेर काढून पुसला. मग म्हणाले, "पहिल्याच आठवड्यात विचारलं. वर चौकीवर गोळीबार सुरू असला की कुणी विचारत नाही. खाली आलो की विचारतात."

बाबांनी हे मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. आईलाही नसावं, कारण ती हातातलं काम ठेवून तिथेच खाली बसली.

त्या दिवशी मी स्वतःला विचारलं, तुला फौज का हवी होती? खरं उत्तर यायला वेळ लागला. मला देशसेवा नको होती, असं नाही. पळणं मला आवडायचंच. पण मला मुळात अशी एक जागा हवी होती की जिथे आडनाव विचारत नाहीत. मी पळत होते ते तिकडे. आणि सतरा वर्षं तिथे राहून आलेला माणूस सांगत होता की तिकडेही विचारतात.

मग लपायचं कशाला?

दोन दिवसांनी एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला. मुलीनं लेखी माफी दिली तर सेक्टर फाइव्हचं गेट परत मिळेल. साहेबांचं मन मोठं आहे, असंही तो म्हणाला. बाबांनी फोन ठेवला आणि मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लिही म्हणाले नाहीत. लिहू नको असंही म्हणाले नाहीत. माझ्या समोर त्यांची पावलं होती, घोट्यापर्यंत सुजलेली. ही सूज माझ्या दोन मिनिटांची होती, आणि ती एका कागदानं उतरणार होती.

मी कागद घेतला. आई म्हणाली, लिहितेस? मी हो म्हटलं.

मी लिहिलं ते लेबर ऑफिसला. बारा तासांची ड्यूटी, जादा तासांचा पत्ता नाही, बसायला साधन नाही, नोटीस न देता बदली, आणि ती का केली ते. जुलैतला सॅल्यूटही लिहिला. वार आणि वेळ घालून. कागद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हीही नोकरी जाईल."

मी म्हटलं, जाईल.

त्यांनी चष्मा मागितला. पुन्हा एकदा स्वतः वाचला. एका ठिकाणी मी 'माजी सैनिक' लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं. म्हणाले, माजी सैनिक नसतो तर चाललं असतं का? खाली सही केली.

लेबर ऑफिसात आम्ही दोघं गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि विचारलं, हा कुणी लिहिला? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, गार्ड लोक येतात, रडतात, जातात, असा लिहिलेला कागद कुणी आणत नाही. त्यानं शिक्का मारला. त्याला कौतुक करायचं नव्हतं, तो फक्त सांगत होता. पण माझं ठरलं ते तिथे, त्या लाकडी बाकावर.

धावण्याच्या चाचणीला मी गेले नाही. त्या माणसानं जा म्हटलं होतं म्हणून नव्हे. त्याच्या शब्दावर जायचं नव्हतं, तसंच त्याच्या शब्दावर थांबायचंही नव्हतं. ज्या मुली गेल्या त्यांना मी काही म्हणणार नाही, त्यांची त्यांची कारणं आहेत. त्या सकाळी मी खालाच्या काठानं पूर्ण अंतर पळले. घड्याळ लावलं होतं. निवड झाली असती, एवढ्या वेळेत पळले. घरी येऊन आंघोळ केली आणि कायद्याच्या कॉलेजात जाऊन प्रवेश घेतला. पाच वर्षं लागतील. या पाच वर्षांनंतरची जागा मी कुणाला धरून ठेवायला सांगितलेली नाही.

बाबांचं हावड्याचं काम गेलं. अर्ज पोचला त्याच आठवड्यात. आता ते दुसरं शोधताहेत. आईनं आणखी एक घर धरलं आहे. आमच्याकडे काही सोपं झालेलं नाही.

अर्ज मागे घ्या म्हणून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा बाबांनी घेतला, दोन्ही वेळा ते नुसतं ऐकत राहिले. आता मी त्यांना सांगितलं आहे, पुढचा फोन मला द्या.