सत्त्याहत्तर आणि अर्धी

झाडपाल्यातलं स्तामेनाला काय कळत नव्हतं ते विचारा. रोदोपी डोंगरातल्या त्या गावात खोकला असो की पोटदुखी, माणसं आधी तिचंच दार ठोठावत. पन्नास वर्षांत तिनं एन्योव्हदेन या सणाची पहाट एकदाही चुकवली नव्हती. जूनमधल्या त्या दिवशी ऊन पडायच्या आत सत्त्याहत्तर वनस्पती खुडायच्या, आणि वर एक अर्धी. सत्त्याहत्तर ओळखीच्या आजारांसाठी, अर्धी नाव नसलेल्या आजारासाठी. ही अर्धी डोळे मिटून खुडतात.

त्यातली पिवळ्या फुलांची एक वनस्पती स्तामेना अलीकडे प्लोव्हदिव शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायची. तिच्या अर्कानं काचेच्या बशीत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी पसरायच्या थांबल्या, असं तिथल्या संशोधक बाईंनी कळवलं होतं. गावाला एवढं पुरे झालं. स्तामेनानं कॅन्सरवर औषध शोधलं!

आणि नेमकं तिच्या धाकट्या बहिणीला, त्सोनाला, त्याच आजारानं गाठलं. गाठ काखेपर्यंत पोचली होती. इस्पितळानं केमोच्या पहिल्या सलाइनची तारीख दिली ती एन्योव्हदेनचीच.

"मी नाही जायची," त्सोना म्हणाली. "टक्कल करून घ्यायला? ताई, तुझा काढा दे."

"नाही देणार."

"गावभर वाटतेस, आणि सख्ख्या बहिणीला नाही?"

"अगं, पेशी बशीत थांबल्या. बशीला ना काळीज, ना हाडं. तू काय बशी आहेस?"

"मग यंदाची अर्धी तरी खुडून दे!"

स्तामेनाला हो म्हणणं किती सोपं होतं! जन्मभर तिनं दुसरं केलं काय होतं? पण आपल्या पाल्याचा गुण ओळखणाऱ्या त्या बाईला त्याची मर्यादाही ठाऊक होती, आणि हे भल्याभल्यांना जमत नाही.

"अर्धी नाव नसलेल्या आजाराला, त्सोने. तुझ्या आजाराला नाव आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय."

त्सोना रडली, भांडली, आठवडाभर बोलली नाही.

एन्योव्हदेनच्या पहाटे बाया टोपल्या घेऊन डोंगर चढू लागल्या. स्तामेना मात्र बसथांब्यावर चहाचा थर्मास घेऊन बसली होती. बस यायला पाच मिनिटं उरली तेव्हा रस्त्याच्या वळणावर त्सोना दिसली. डोक्याला रुमाल आत्तापासूनच बांधलेला.

"ताई, तुझी पहाट चुकली की गं!"

स्तामेनानं तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

"पुढच्या वर्षी जाऊ," ती म्हणाली. "दोघी."