मावशी जेवायला बसल्या

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मावशींना बावीस वर्षं झाली, पण त्यांना बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. इथे पळीतलं चाखलं, तिथे बटाट्याची फोड तोंडात टाकली, झालं जेवण.

आतड्यात हार्मोन सोडणारी गाठ निघाली, तेव्हाही त्या डगमगल्या नाहीत. दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं आणि येऊन कांदा चिरायचा. पण हल्ली दिवस कलला की त्यांना अंधुक दिसायला लागलं. एकदा तर सूप वाडग्याऐवजी मॅनेजरच्या बाहीवर.

"मावशी, संध्याकाळची पाळी बंद. सकाळी भाज्या निवडा," मॅनेजर म्हणाला.

"निवडायला मी काय मोडीत निघाले?" मावशींचा जीव त्या पाळीतच होता. भाचीला घेऊन त्यांनी थेट दवाखाना गाठला.

आहारतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट चाळले. "अ जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. इंजेक्शनमुळे पाचक रस कमी पडतो, तेल-तूप पचत नाही, आणि त्याबरोबर हे जीवनसत्त्वही वाहून जातं. म्हणून तर पाचक रसाच्या कॅप्सूल दिल्यात. घेता ना?"

"न चुकता! उठल्या उठल्या दिवसाच्या तिन्ही. एकदाच उरकल्या की डोक्याला ताप नाही."

"रिकाम्या पोटी? मग त्या पचवणार काय, पाणी? अहो, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवता कधी?"

भाचीच म्हणाली, "ही जेवत नाही. चाखते."

"किती वेळा?"

"कढई शेगडीवर असेपर्यंत."

बाई हसल्या. "आता तीनदा ताट वाढून बसायचं. जीवनसत्त्वाच्या गोळ्याही देते, पण आपल्या मनाने वाढवायच्या नाहीत. दोन महिन्यांनी रक्त तपासू."

मावशींना हे सुईपेक्षा जड गेलं. पहिल्या दिवशी त्या ताट घेऊन बाकावर टेकल्या, तर अख्खी रांग थबकली.

"काय झालं मावशी? बरं नाही का?"

"जेवतेय रे मेल्यांनो! बघता काय?"

चौथ्या घासाला त्या उठू लागल्या. मॅनेजरने पळी हातात घेतली. "बसा. मी ढवळतो."

"तळाला लागेल हो!"

"लागू दे."

दोन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. पण मॅनेजरची खात्री पटेना. दिवेलागणीला त्याने त्यांना मागच्या पायऱ्यांपाशी नेलं. "उतरून दाखवा."

कठड्याला हात न लावता मावशी सातही पायऱ्या उतरल्या. खालून म्हणाल्या, "वर येऊ, की अजून शंका आहे?"

"या. पाळी तुमचीच. चला, रांग लागलीय."

"लागू दे. आधी माझं ताट वाढा."