करारातलं चौथं कलम

मंडळी, आधीच सांगून टाकते... भूत-बित, करणी-बिरणी, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी तोंडावर हसायची, आणि त्यावरून सासरी बोलणीही खाल्ली आहेत. त्यामुळे आता स्वतःच लिहायला बसल्यावर मला लाज वाटतेय. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

मी मूळची सांगलीची. लग्नाआधी आठ वर्षं एका छोट्या प्रकाशनात प्रुफं तपासायची. लग्न होऊन कुंभकोणमला आले त्याला चौदा वर्षं झाली. आमचं घर महामहम तळ्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका अरुंद गल्लीत. सासरचे लोक तंजावर मराठी. घराबाहेर तमिळ, घरात मराठी... पण ती मराठी तुमची-आमची नव्हे, तीनशे वर्षांपूर्वीची. पहिल्याच आठवड्यात मी कशावरून तरी बडबड करत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "उगे अस गे." मला वाटलं, ही बाई मला ‘तू इथे उगाचच आहेस’ म्हणतेय! दोन दिवस मी फुगून बसले. मग माधवनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हसून हसून सांगितलं की इकडे ‘उगे अस’ म्हणजे गप्प राहा.

सासूबाई आता नाहीत. घरात आम्ही तिघंच. माधवचं कापडाचं दुकान आहे. थोरले दीर सहासष्ट वर्षांचे, एकटेच. जवळच्याच आडुतुरैला सरकारी नोकरी करून निवृत्त झाले. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणते.

तर या अण्णांनी एक कादंबरी लिहिली होती. एक जाडजूड वही. घरात कोंडलेल्या एका मुलीची गोष्ट. टाइप मीच करून दिली, आणि खरं सांगते, टाइप करता करता रडले मी. या अबोल माणसाला बाईच्या मनातलं एवढं कसं कळलं बुवा, असं मी माधवला म्हणालेसुद्धा होते.

त्यातली दोन पानं अण्णांनी फेसबुकवर टाकली. चारच दिवसांत ईमेल! इंग्रजीतून. मी मोठा साहित्यिक एजंट आहे, तुमची कादंबरी वाचून थक्क झालो, परदेशातले प्रकाशक रांगेत उभे आहेत, वगैरे वगैरे. अण्णांना त्यानं असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते दोन दिवस जमिनीवरच नव्हते. भाजीवाल्यालाही सांगून आले.

माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. अहो, आठ वर्षं त्या धंद्यात काढलीत मी. खऱ्या एजंटच्या टेबलावर लोकांनी पाठवलेल्या हस्तलिखितांचा ढीग पडलेला असतो. तो कुंभकोणमच्या गल्लीत नवा लेखक शोधत कशाला फिरेल? आणि दोन पानं वाचून ‘कादंबरी वाचली’ म्हणतो तो कसला वाचक! मी कामाला लागले. त्यानं ‘विकलेल्या’ म्हणून तीन पुस्तकांची नावं दिली होती. एक पुस्तक तर सापडलंच नाही. बाकीच्या दोन पुस्तकांच्या प्रकाशकांना मी सरळ फोन लावले, आणि तेही नंबर त्याच्या पत्रातले नाहीत, पुस्तकाच्या आतल्या पानावरून घेतलेले. दोघांनीही असं नाव ऐकलेलं नव्हतं. वेबसाइट उघडून तीन आठवडे झाले होते. फोटो इंटरनेटवर शोधला तर तो कुठल्याशा परदेशी दातांच्या डॉक्टरचा निघाला. मग मी त्याला अण्णांच्या नावानं लिहिलं, की कादंबरीतलं नेमकं काय आवडलं, एक प्रसंग सांगा. उत्तर आलं, ‘संपूर्ण प्रवासच हृदयस्पर्शी आहे.’ खाली मूल्यांकनाची फी आणि सहा पानी करार!

सगळी चौकशी कागदावर उतरवून मी दुपारच्या कॉफीबरोबर अण्णांपुढे ठेवली. म्हटलं, "अण्णा, असा माणूसच नाही."

त्यांनी वाचलं. मग गरम कॉफीचा पितळी टंबलर उचलला आणि भिरकावला. माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळला तो. गळ्यावर कॉफी उडाली, भाजलं मला.

"तुज बघवत नाही!" ते ओरडले. "जन्मांत एकदां मज कोणी विचारलें, तें तुज बघवत नाही!"

या माणसाला चौदा वर्षांत आवाज चढवताना मी पाहिलं नव्हतं. मी पण काही कमी नाही. "करा सही," म्हणाले, "आणि फसा!" दार आपटून स्वयंपाकघरात गेले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माधव दुकानात होता. तीन वाजता एजंटचा फोन येणार होता. करारावर सही करण्याआधी तोंडी होकार रेकॉर्ड करायचा म्हणे. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मधल्या खोलीत करार पुढे ठेवून बसले होते. मी न बोलावताच समोर जाऊन बसले. मनात म्हटलं, येऊ दे फोन, असा झापते की बघत राहील.

फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला. आधी तीच गोड गोड इंग्रजी. मग तो म्हणाला, चौथं कलम मोठ्यानं वाचा. आता हे कलम खऱ्या करारातही असतंच. ‘हे लेखन पूर्णपणे माझं स्वतःचं आहे’ असं लेखकानं लिहून द्यायचं असतं. भामट्यानं कुठल्या तरी खऱ्या करारातून उचललं असणार.

अण्णांनी वाचलं. पलीकडून विचारलं, "कोण लिहिलें?"

मराठीतून! आवाज त्याचाच, पुरुषाचा... पण बोली आमच्या घरातली. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी म्हणाले, "मी."

सट्ट!

ओल्या दोराचा असतो ना तसा आवाज आला आणि अण्णा खुर्चीतून पुढे फेकले गेले. कपाळ टेबलावर आपटलं. खोलीत आम्ही दोघंच होतो हो... लख्ख ऊन, दार उघडं, समोरची बाई कुरडया वाळत घालताना दिसत होती!

"कोण लिहिलें?"

"मीच..."

सट्ट! सट्ट! इस्त्रीचा शर्ट पाठीवर फाटला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि फाटलेल्या जागी लाल रेघ उमटली. अण्णा खाली पडले. मी ओरडत त्यांच्यावर वाकले तर पुढच्या फटक्याचं टोक माझ्या मनगटावर बसलं. आईशपथ सांगते, असं मी कधी सोसलं नाही. हात खांद्यापर्यंत बधिर झाला. दुसऱ्या हातानं मी फोन बंद करायला गेले, लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं... आवाज येतच होता. मारही थांबत नव्हता. पाठ, खांदे, दंड. अण्णा लहान मुलासारखे "नको, नको" करत भिंतीकडे सरपटत होते. फरशीवर रक्ताचे फराटे उठले होते. मी वेड्यासारखी फोन फरशीवर आपटत होते. काच फुटून माझा तळवा कापला, तरी त्यातून तेच, शांतपणे:

"कोण लिहिलें?"

"अंबक्का!" अण्णा किंचाळले. "अंबक्का लिहिली! माझें नव्हे तें, अक्काचें आहे!"

थांबलं सगळं. बाहेर बाई कुरडयाच घालत होती. मग फुटक्या फोनमधून हळूच, अगदी मायेनं आलं, "आतां उगे असूं नको."

मला क्षणभर वाटलं, ‘आता इथे उगाच थांबू नको’ म्हणतोय तो आवाज, पळ म्हणतोय, आणि मी अण्णांना दाराकडे ओढायला लागले. पण ते हलेनात. कपाळ फरशीला टेकवून ते हुंदके देत होते. ‘उगे’ म्हणजे गप्प, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं... ‘आता गप्प राहू नको’ म्हणत होता तो आवाज, आणि मी त्यांना ओढायचं सोडलं.

चार घरं सोडून डॉक्टर राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी पाठ बघितली आणि माझ्याकडे वळून तमिळमध्ये विचारलं, "यारु अडिच्चदु?" कुणी मारलं? ते बराच वेळ माझ्या कापलेल्या हाताकडे बघत राहिले. वळ काथ्याच्या दोराचे आहेत म्हणाले, पीळसुद्धा उठला होता कातडीवर. काथ्याचा दोर आमच्या घरात नाहीच. मागच्या विहिरीवर मोटर बसून वीस वर्षं झाली.

माधव आल्यावर अण्णांनी पालथं पडल्या पडल्या सांगितलं. अंबक्का त्यांची थोरली बहीण. माधवच्या जन्माआधीच गेली, विहिरीपाशी पाय घसरून पडली असं घरात सगळ्यांना माहीत. ती चोरून लिहायची. तेव्हा अण्णा बारा वर्षांचे. वही त्यांच्या हाती लागली आणि वडिलांना दाखवली, शाबासकी मिळेल म्हणून. वडिलांना वाटलं, पोरगी कुणाला तरी पत्रं लिहितेय. विहिरीचा ओला दोर घेऊन त्यांनी तिला मारलं. अण्णा दारात उभे राहून रडायला लागले, तेव्हा मार खाता खाता तीच म्हणाली, "उगे अस रे, तुजही मारतील." त्या मारानंच तिसऱ्या दिवशी ती गेली. आणि हा माणूस चोपन्न वर्षं गप्प बसला. नुसता बसला असता तरी एक वेळ... पण तिची गोष्ट स्वतःच्या अक्षरात उतरवून स्वतःच्या नावावर छापायला निघाला होता.

मला कीव यायला हवी होती. आला तो संताप. "मारलं ते बरंच झालं," असं मी तोंडावर बोलले. माधवनं मला बाहेर नेलं.

आता जे तपासता आलं ते सांगते. सायबर पोलिसांकडे आम्ही तक्रार केली. दोन महिन्यांनी कळलं की तो भामटा दुसऱ्या राज्यात आधीच पकडला गेला होता, आमच्या फोनच्या चार दिवस आधी. त्याच्या नंबरचं सिमकार्ड आणि फोन, दोन्ही त्या शुक्रवारी तिथल्या ठाण्यात सीलबंद होती. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही. म्हणजे ‘असा माणूसच नाही’ हे माझं वाक्य बरोबर होतं... नको तितकं बरोबर! डॉक्टर म्हणतात अण्णांनी स्वतःच करून घेतलं असेल. स्वतःच्या पाठीवर? आणि माझं मनगट?

अण्णांनी पंचांगांच्या गठ्ठ्यात इतकी वर्षं लपवलेली अक्काची मूळ वही काढून दिली. मी ती शब्दन् शब्द पुन्हा टाइप केली. एका जुन्या, माहितीतल्या प्रकाशकांकडे रीतसर तीन प्रकरणं पोस्टानं पाठवली आणि पाच महिने वाट बघितली. गेल्या महिन्यात संपादकबाईंचा फोन आला. पुस्तक घेतोय म्हणाल्या. आणि विचारलं, "लेखिकेशी बोलता येईल का?"

फोन स्पीकरवर होता. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. आवाज मोठा होता, गल्लीत ऐकू जाईल एवढा.

"मी तिचा भाऊ बोलतों. ती नाही. आमच्या बापानें तिज मारून टाकलें, आणि तिची वही मीच त्यांज दाखविली होती. पुस्तकांत हें छापा."

मग बाईंनी हळू विचारलं, "नाव कसं लिहू? अंबाबाई?"

"अंबक्का," अण्णा म्हणाले, आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

त्या दुपारी फोनवर कोण होतं ते मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला सांगू नका. अण्णांना सांगा. त्यांना तिच्याशी बोलायचंय.