गॅलरीत एकटी

इंदूकाकीला माणसांची नावं लक्षात राहत नसत. काळाचौकीतल्या आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर तिची खाणावळ होती. गिरण्या चालू असताना तिच्या सासूने सुरू केलेली. गिरण्या गेल्या, कामगार गेले, मग कुरियरवाले, सेल्समन आणि माझ्यासारखे बिलिंग क्लार्क तिच्या पंगतीला येऊन बसले. ती आम्हाला हाक मारायची ती खाण्यावरून. कोणी 'दोनदा भात', कोणी 'कारला नको', कोणी 'कढी वाटीत'. मी अकरा वर्षं तिथे जेवलो आणि अकरा वर्षं 'मिरची बाजूक' होतो. कारण मी पोह्यातली मिरचीसुद्धा काढून ताटाच्या कडेला ठेवतो. भित्र्या माणसाला शोभेलशी सवय आहे.

"काकी, नावाने हाक मार की," असं एकदा मी म्हटलं होतं.

"नाव घेवन काय करू? माणूस नाव खोटा सांगात, जीभ खोटा सांगणा नाय," ती म्हणाली आणि पुढच्याला आमटी वाढायला गेली.

दिसायला बारकी, पण आवाज असा की जिन्यावर पाऊल ठेवलं की कळे आज बांगडा आहे की नाही. हातात वाढप असलं की ती कोणाशी भांडत नसे. भांडण असलंच तर हात धुवून, पदराला पुसून, मग. तिचा एक नियम होता. जो आपल्या घरात जेवला त्याच्यावर बोट दाखवायचं नाही. एकदा पंगतीला येणाऱ्या एका मेंबराने तिची पितळी तपेली उचलून नेली. कोणी नेली हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं, तिलाही. पण ती म्हणाली, "माझ्या पानावर बसलेल्याक मी चोर कसा म्हणू? तपेली माझीच गेली, जाऊदे." आम्ही हसलो होतो. कोकणातल्या म्हाताऱ्यांचे असे शंभर नियम असतात, त्यातलाच एक, असं मला वाटलं.

तळमजल्यावर नितीनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिशीचा, हसरा पोरगा, काकीचा 'दोनदा भात'. चाळ पाडून टॉवर बांधायचा घाट घातला जात होता आणि नितीन गाळा सोडायला तयार नव्हता. दुकान बंद ठेवून तो दोनदा पोलिसांकडेही जाऊन आला होता. त्याला समजवायला बिल्डरचा जो माणूस यायचा, तो पिंट्या. तोही दोन वर्षं काकीकडेच जेवलेला. 'कारला नको' तो हाच.

एका रविवारी दुपारी पंगत उठली होती. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून रविवार असूनही मी तिथे होतो. मी गॅलरीच्या टोकाला मोरीत हात धुतले आणि काकीशेजारी येऊन उभा राहिलो. ती कठड्यावर कोकमाची सोलं वाळत घालत होती. खाली दुकानासमोर पिंट्या आणि नितीन बोलत होते. बोलणं वाढलं. पिंट्याने शर्टाखालून सुरा काढला आणि नितीनच्या पोटात दोनदा घातला. आम्ही दोघांनी ते वरून स्वच्छ पाहिलं. काकीने माझं मनगट घट्ट धरलं. मी ते सोडवलं, आत गेलो, चपला घातल्या आणि मागच्या जिन्याने उतरून निघून गेलो. नितीनपाशी खाली गेली ती काकी. त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं आणि तिथेच तो गेला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

संध्याकाळी पोलीस प्रत्येक मेंबराला विचारत होते. मी काकीच्या समोर उभा राहून सांगितलं, "मी जेवून आधीच निघालो होतो." काकी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हवालदाराला पाणी दिलं. पिंट्याला दोन दिवसांत पकडलं, आणि नितीनपाशी सापडलेली म्हणून साक्षीदारांत नाव लागलं ते एकट्या काकीचं.

त्यानंतरचं दीड वर्ष तिला कोणी सुखाने भात शिजवू दिला नाही. दोन माणसं आली, पंगतीला बसली, मांडी घालून नीट जेवली. कढीची तारीफ केली. जाताना म्हणाली, "काकी, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणे. जपा. गावचं घर छान आहे तुमचं, जाऊन आलो आम्ही." आठवड्याने समन्स आलं. सरकारी वकीलबाईंनी तिला बोलावून सांगितलं की न आल्यास वॉरंट निघेल, आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आजी, पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. तुम्ही गप्प बसलात तर केस संपली." मी बाजूच्याच खुर्चीवर होतो. काकीला सोबत म्हणून.

"दोघांकव मीच वाढलंय. एकाच्या नावान रडू आणि दुसऱ्याक बोट दाखवू? माझो हात उठाचो नाय," काकी त्यांना म्हणाली. वकीलबाईंना काही कळलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं.

मग एक दिवस ऑफिसमधून येताना मला पुलाखाली एकाने थांबवलं, चहा पाजला. "काकी तुझं ऐकते. समजव तिला. आणि तू तर काय बघितलंच नाहीस, ना?" त्याला सगळं ठाऊक होतं. माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती. ही सबब मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता मलाही पाठ केलेली वाटते.

साक्षीच्या दिवशी मीच तिला टॅक्सीने कोर्टात घेऊन गेलो. वाटेत म्हटलं, "काकी, लांबून नीट दिसलं नाही, एवढंच म्हण. खोटंही नाही आणि खरंही नाही."

"ह्या तू माझ्यासाठी सांगतस काय तुझ्यासाठी?"

मी खिडकीतून भायखळ्याच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिलो.

मी शेवटच्या बाकावर बसलो. वकीलबाईंनी विचारलं, मारणारा माणूस इथे आहे का? काकीने आधी पदराला हात पुसले. मग तिने हात उचलला. बोट नाही, सबंध पंजा, वाढताना 'भात?' विचारायची तसा, आणि पिंट्याकडे केला. "ह्यो. कारला खायत नाय तो." कोर्टात कोणीतरी हसलं. काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पिंट्याने मान खाली घातली.

मग आरोपीचे वकील उठले. "रविवार दुपार. खाणावळीत गर्दी. गॅलरीत तुमच्यासोबत आणखी कोण होतं?"

उठून उभं राहायला एक क्षण पुरला असता.

"कोण नाय," काकी म्हणाली. "मी एकटीच."

तिने माझ्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही. आणि वकिलांना तेवढंच हवं होतं. इतकी माणसं जेवायला आणि पाहणारी फक्त एक, मोतीबिंदू झालेली म्हातारी? काही महिन्यांनी निकाल लागला. एकट्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही, संशयाचा फायदा. पिंट्या सुटला. काकीची पंगत महिन्याभरात रिकामी झाली. तिने खोलीला कुलूप लावलं आणि गावी निघाली.

सामान बांधायला मी गेलो होतो. तेव्हा विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"एकाक दाखवलंय, तेच्यानच झोप येणा नाय," ती दोरीला गाठ मारत म्हणाली. "आणि तुका कसो दाखवू?" तिच्या आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मी तिथे उभा राहू शकलो असतो.

मागच्या वैशाखात ती गेली. बाराव्याला मी तिच्या गावी गेलो. पंगतीत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. नितीनचे वडील. शेजारच्याच गावचे. त्यांनी मला ओळखलं आणि दोन्ही हात जोडले.

"तुम्ही तिका हात धरून कोर्टात नेलात. माका कळला सगळा. उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. मग पानातला भात कालवत, "बिचारी एकटी पडली ओ. आणखी एक जण तरी बघणारो गावलो असतो, तर माझ्या झिलाक न्याय मिळालो असतो. नाय?"

मी म्हटलं, "हो ना."