तांब्याचा पाइप आणि व्याह्यांची अंघोळ

आमच्या व्याह्यांनी मिसळीने अंघोळ केली, त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता.

हे व्याही गारगोटीचे. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे मुक्कामाला आलेले. आणि नेमका रविवारी सकाळी गच्चीवरचा सोलरचा पाइप सांध्यात गळायला लागला! (अख्ख्या गल्लीत प्लास्टिकचे पाइप, मीच हौसेने तांब्याचा बसवून घेतलेला.) प्लंबरला फोन केला, तर तो मटणाच्या रांगेत.

"आज न्हाय जमायचं साहेब, रविवार हाय की!"

सौ. रडकुंडीला आली. "व्याह्यांना कढत पाणी मिळालं न्हाय, तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल!"

"मी हाय की!"

"त्याचंच भ्या वाटतंय!"

मी मोबाइलवर व्हिडिओ लावला, मेव्हण्याचा गॅसचा बर्नर आणला आणि नाष्ट्याच्या मिसळीची ताटली घेऊन गच्चीवर चढलो. सांधा घासायचा, पेस्ट लावायची, तापवायचा, की सांधा जोडणारी डागाची तार वितळून आपोआप आत शिरते. सोपं काम! पण तार काही वितळेना. पाइपात मागून पाणी झिरपत होतं आणि ओला सांधा तापायचं नाव घेईना. व्हिडिओतला बाबा म्हणाला, अशा वेळी पाइपात ब्रेड कोंबा. डाग बसेपर्यंत तो पाणी अडवतो, मग लगदा होऊन वाहून जातो.

हा बाबा कोल्हापूरचा नव्हता, तिथंच घात झाला. रविवारी सकाळी आमच्याकडे कोरडा ब्रेड असतो कुठं? ताटलीत एकच तुकडा उरलेला, तोही अर्धा मिसळीच्या कटात बुडालेला. मी डोकं चालवलं. कोरडी बाजू पाण्याकडे, तांबडी बाजू सांध्याकडे! दिला कोंबून आणि पेटवला बर्नर.

शेजारच्या गच्चीवरून काकी खोकत ओरडल्या, "काय वो, वर फोडणी टाकलाय व्हय?"

"डाग देतोय, काकी!"

आणि डाग बसला! एक थेंब गळेना. मी छाती काढून खाली आलो. "जावा पावणं, बिनधास्त! माझ्या हातचं काम हाय!"

थोड्या वेळाने न्हाणीतून आवाज आला, "पावणं, पाणी येईना वो!"

"नळ पुरा सोडा की!"

त्यांनी पुरा सोडला. तरी येईना, म्हणून वाकून नळाच्या तोंडात बघितलं. आत काहीतरी फस्सकन सुटल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

"आयायाऽऽ! डोळं गेलं माझं!"

व्याही टॉवेल गुंडाळून बाहेर आले. डोळे लालभडक, कपाळावर ब्रेडचा लगदा, मिशीत एक मटकी. सौ.ने पदर तोंडाला लावला. मी हात जोडून उभा; लेकीचा संसार डोळ्यांपुढे गरगरत होता. व्याह्यांनी मिशीवरून जीभ फिरवली.

"कट झणझणीत हाय. कुठनं आणलासा?"

माझा जीव भांड्यात पडला!

परवा त्यांचा फोन आला. "रविवारी येतोय. अंघोळ घरातनंच करून येतो. मिसळ तेवढी ताटलीत वाढा, नळाला नको."

मी मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "ते ऱ्हाऊ दे पावणं, सांधा अजून गळला न्हाय, ते आधी बघून जावा!"